शंभरावर एक

३ नोव्हेंबर, सोमवार

तिकिटं आली! भुसावळहून मुंबई, मुंबईहून सिंगापूर. हितेंद्रने फोनवर पाठवली, मी तीनदा उघडून पाहिली. आम्ही दोघं नवरा-बायको म्हणून शेवटचे कुठे गेलो होतो? शेगावला. तिथेही ह्यांचा अर्धा जीव फोनमध्ये, आज केळीचा भाव काय निघाला म्हणून.

सहल मुलाने, हितेंद्रनेच ठरवली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्याची भेट. सिंगापूरच का, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ह्यांनी विचारलं, "दुबई नही का?" तर म्हणतो, "नाना, दुबई महाग पडते." खोटारडा! दुबई स्वस्त पडते, हे आमच्या सावद्याच्या बसस्टँडवरचा पाणपोईवालाही सांगेल.

सिंगापूरला डिंपल राहते. माझी मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने बंगळुरूला एका तमिळ मुलाशी रजिस्टर लग्न केलं आणि फोनवर कळवलं. तेव्हापासून ह्यांच्या तोंडी तिचं नाव नाही. मी बोलते तिच्याशी, गच्चीवर कपडे वाळत घालताना. तिची इरा आता चालते, पळते, मला "अज्जी" म्हणते. तिचे पाय मी अजून हातात घेतलेले नाहीत.

सहलीत एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी मी डिंपलकडे जाणार. ह्यांना कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. पण जाणार. लिहून टाकलं, आता मागे फिरायचं नाही.

५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. हितेंद्रला सुट्टी, म्हणून जळगावहून आला. पैशांचं काय करायचं यावर सकाळभर खल.

तो म्हणतो, कार्ड घ्या. त्यात आधीच सिंगापूरचे डॉलर भरायचे, दुकानात नुसतं टेकवायचं. हरवलं तर बंद करता येतं. "आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज माझ्या फोनवर येईल, आई. काळजी नको." काळजी मला तीच! आई मुलीच्या घरी गेल्यावर किती काढते, कुठे काढते, सगळं गाजत येणार. हितेंद्र चांगलाच आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही.

बँकेतून घेतले तर आधी सांगून ठेवावं लागतं आणि भाव चढा. विमानतळावर घेणं म्हणजे सर्वांत महाग, असं तो म्हणाला. सिंगापूरच्या एटीएममधून काढले तर दर वेळी कापणार. जळगावला चलन बदलून देणारं सरकारी परवान्याचं दुकान आहे, तिथे भाव बरा.

हे सगळं ऐकून ह्यांनी एकच शब्द काढला. "रोख."

"नाना, आता रोख कोणी नेत नाही."

"कारडात पैसा दिसत नही. मले हातात पाह्यजे."

इतकी वर्षं ह्यांच्या हट्टाला नावं ठेवली. आज पहिल्यांदा वाटलं, जुनी खोड कधी कधी कामाला येते.

६ नोव्हेंबर

कारण लिहून ठेवते, नाहीतर मलाच उद्या वेडेपणा वाटेल. मुलीच्या संसारात पहिल्यांदा पाऊल टाकायचं तर हातावर काही ठेवावं लागतं. पाकीट लागतं, ते वर रुपया चिकटवलेलं. शंभर असो, पाचशे असो, वर एक हवाच. माझी आई म्हणायची, शून्यावर थांबलं की व्यवहार मिटला. वरचा एक म्हणजे येणं-जाणं चालू. कार्ड कोणाच्या हातावर ठेवू? टेकव बाई तुझ्या मशीनला, म्हणू?

पैसे माझे आहेत. पोस्टाच्या एजंटकीचं कमिशन. गल्लीतल्या बायकांची खाती सांभाळून गुडघे गेले, तेवढे डॉलर माझ्या हक्काचे.

९ नोव्हेंबर

डॉलर घ्यायचं नाव काढलं की ह्यांचं एकच. "घाई कायले करते? भाव पडू दे."

रोज सकाळी केळीच्या भावाबरोबर डॉलरचाही भाव बघतात. केळी विकायची तेव्हा भाव चढेल म्हणून थांबतात, डॉलर घ्यायचे तर उतरेल म्हणून थांबतात. मागच्या वर्षी थांबता थांबता बागेतच घड पिवळे पडले आणि शेवटी गल्लीभर वाटले. मी म्हटलं, डॉलर पिकत नाहीत, पण विमान थांबत नाही. हसले नाहीत. आजकाल गप्पच असतात.

मला वाटतं त्यांना भीती वाटते. विमानाची नव्हे. तिची.

११ नोव्हेंबर

चलन घ्यायला पासपोर्ट लागतो. दोघांचे पासपोर्ट कपाटात, चावी ह्यांच्या कमरेला. काय निमित्त काढू, असा विचार करत पोळ्या लाटत होते. तेवढ्यात हे मळ्यात निघाले आणि दारातून म्हणाले, "चावी खिळ्याले लावली हाये. तुले काही कागद पाह्यजे असतीन तं."

विम्याच्या झेरॉक्ससाठी असेल बहुतेक. देव पावला.

१३ नोव्हेंबर

जळगावला जाऊन आले! घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे. येताना खरंच गाल धरून बसले बसमध्ये, सवय व्हावी म्हणून.

दुकानात नाजमीन नावाची मुलगी होती. डोक्याला ओढणी, बोलणं अगदी ऑफिसातलं. पासपोर्ट, तिकीट, पॅन कार्ड पाहिलं. मी म्हटलं, शंभराची एक नोट आणि वर एक.

"काकू, एक डॉलरची नोट मिळत नाही आता. नाणं असतं. आणि नाणी आम्ही ठेवत नाही."

मी पासपोर्ट परत पर्समध्ये टाकायला लागले. मग ती बिचारी म्हणाली, "लहान नोटा मागवू का? पाच आणि दोनच्या जुळवून एकशे एक करून देते."

"तसं नाही गं. वरचा एक सुटा लागतो."

ती हसली. "पाकिटात घालायचाय ना? या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या." मी मनात म्हटलं, खान्देशात दुकान टाकलंय, तर रोज कोणीतरी विचारेल. तिने स्वतःच्या अम्मीची गोष्ट सांगितली. अम्मीही ईदीत वर एक टाकल्याशिवाय नोट देत नाही. "कोणासाठी काकू?" म्हणाली. मी म्हटलं, मुलीसाठी. एवढं म्हटलं आणि परक्या दुकानात डोळे पुसत बसले. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि आणखी काही विचारलं नाही.

नोट मिळाली. करकरीत. ब्लाउजपीसच्या घडीत ठेवलीये. वर आपलाच रुपया चालवून घेऊ, दुसरं काय! पण मनाला लागून राहिलं.

१५ नोव्हेंबर

हे आज पहूरला गेले होते. पहूर कुठे, सावदा कुठे! नासीरभाईंकडे म्हणे. त्यांचे ट्रक आमची केळी उत्तरेला नेतात. पण बाग आता कापणीला नाही, मग काम काय? विचारलं तर, "असंच."

असंच कोणी इतक्या लांब जात नाही. नासीरभाईंचा मुलगा उमर सिंगापूरला बंदरात कामाला होता, मागच्या वर्षी परत आला. त्याच्याकडे उरलेले डॉलर असतील आणि हे ते स्वस्तात उचलत असतील, दुसरं काय असणार? पावती ना काही. विमानतळावर कोणी विचारलं तर? मी भडकले. म्हटलं, चार पैशांसाठी ह्या वयात लफडी करू नका, परवान्याच्या दुकानातून घ्या.

"बरं," म्हणाले. भांडलेही नाहीत! भांडले असते तर बरं वाटलं असतं.

१७ नोव्हेंबर

धुळ्याहून झुंबरअक्कांचा फोन. ह्यांची थोरली बहीण. माहेर सावद्याचं, पण चाळीस वर्षांत बोली पार धुळ्याची झाली. हे घरात नव्हते म्हणून मी धीर केला आणि सगळं सांगितलं. डिंपल, मोकळा दिवस, लपवलेली नोट. वाटलं, आता शिव्या पडणार. लग्नाच्या वेळी सर्वांत जास्त त्याच चिडल्या होत्या.

पण म्हणाल्या, "त्याना जीव बठ्ठा पोरमा शे, तुले माहीत नही का? तू त्याले इचारी तं देख." सगळा जीव पोरीत म्हणे, ह्यांचा!

"नाही म्हणाले तर, अक्का?"

"नही म्हना तं नही. पन न इचारता गई, तं तो जलमभर तोंड लपाडी."

खरं आहे. मी गुपचूप जाऊन आले, तर ह्यांना पुढे कधी जायला जागाच उरणार नाही. विचारायलाच हवं. पण नाही म्हणाले तर मला जाता यायचं नाही. अडकित्त्यातली सुपारी झालीये माझी.

१८ नोव्हेंबर

विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना सुरुवात केली. "तिकडे एक दिवस मोकळा आहे म्हणे." हे बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, "भाव दोन पैशांनी उतरला." झालं. मी भांडी घासायला घेतली, जरा जोरातच.

२१ नोव्हेंबर

शेवटी एकदाचे डॉलर घेतले! हितेंद्रच्या गाडीवर मागे बसून हे जळगावला गेले, दुकानातूनच घेतले, पावतीसकट. दोघांच्या तडजोडीने थोडे कार्डात भरले, थोडे रोख. एवढं थांबून भाव होता तिथेच आला. हितेंद्र म्हणाला, "नाना तिथे असे बोलत होते, जसं काही रोजचं येणं-जाणं आहे." ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गाडीची चावी घेऊन उठलाच.

मी मात्र घाबरले. नाजमीन काही बोलली तर नसेल? तुमच्याच गावच्या एक काकू येऊन गेल्या, असं? पण ह्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. त्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांत कधी काय दिसलंय म्हणा.

२२ नोव्हेंबर

बॅगा भरल्या. मेथीचे ठेपले, केळीचे वेफर्स, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. डिंपलला कळण्याची भाकरी आवडते. ह्यांनी पिठाची पिशवी उचलून वजन पाहिलं. मी म्हटलं, हॉटेलात आपल्याला लागेल. हॉटेलात कोण कळण्याची भाकरी थापणार! मलाच माझं हसू आलं. त्यांनी पिशवी निमूट माझ्या बॅगेत खाली ठेवली, वर टॉवेल दाबला.

कपाटातून आहेराची पाकिटं काढायला गेले, तर ओलं फेव्हिकॉल लागलं हाताला. उघडी बाटली तशीच ठेवायची ह्यांना सवय. चष्म्याची काडी चिकटवली असेल पुन्हा.

२४ नोव्हेंबर, मुंबई विमानतळ

इथला डॉलरचा भाव फलकावर लावलाय. ह्यांनी जाऊन वाचला, परत येऊन खुर्चीत बसले आणि महिन्याभरात पहिल्यांदा मनापासून हसले. "आपन वाचलो." एवढ्याशा गोष्टीने केवढा आनंद! मलाही बरं वाटलं. वाटलं, आत्ता सांगावं. तेवढ्यात टूरवाल्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

२६ नोव्हेंबर, सिंगापूर

फिरलो खूप. बाग पाहिली, मासे पाहिले. डोळ्यांनी पाहिलं, मनात काही गेलं नाही. कुठेही सावळी, उंच मुलगी दिसली की मान वळते. एकदा बाजूला पाहिलं, तर ह्यांचीही वळलेली होती.

उद्या मोकळा दिवस. सकाळी चहाआधी विचारणार. अक्कांची शपथ.

२७ नोव्हेंबर

उठले तर हे आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पलंगाच्या कडेला बसलेले. मी तोंड उघडलं आणि तेच आधी बोलले. "डिंपलकडे किती वाजता जायचं हाये?"

सहा वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

त्यांनी पिशवीतून आहेराचं पाकीट काढलं. वरचा रुपया काढून तिथे सिंगापूरचा एक डॉलर चिकटवलेला, जरासा तिरपा. "जळगावच्या दुकानात नव्हता. उमरकून आनला." मग खाली बघत म्हणाले, "लग्नातला आहेर राह्यला होता."

रडू यायला लागलं तशी पदराने तोंड दाबलं.

"तुयं पाकीट काढ," म्हणाले. मी काढलं. कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी माझ्या पाकिटावरच्या रुपयावरून अंगठा फिरवला. "हा राहू दे आपला. पन तिकडचा वरचा एक नसीन तुयाजवळ."

आणि सदऱ्याच्या खिशातून दुसरं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.