मैनेचं तेल

पिंपळगाव बसवंत, ८ डिसेंबर

चि. जयरामास सुमनताईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला होता, पण माझे कान तुला ठाऊक आहेत. मशीन लावलं तरी नुसती शिट्टी वाजते. तेव्हा पत्रच बरं. एकटी आहेस म्हणून मनमाडला राहायला ये, एवढं कळलं, पण ते आता जमायचं नाही. घरात पाहुणी आली आहे.

आपल्या सृष्टीला कंपनीनं चार महिने जर्मनीला धाडलं, म्हणून नातीची कुत्री आजीकडे. बिनकेसांची आहे. आजारी नव्हे, जातच तशी. डोक्यावर झिपऱ्या, पायांत मोजे घातल्यासारखे केस, शेपटीला गोंडा, आणि मधलं सगळं अंग तुझ्या टकलासारखं गुळगुळीत. तिचं इंग्रजी नाव माझ्या तोंडी बसेना, मी मैना म्हणते.

पहिल्या दिवशी हात लावायला जीव धजेना. संध्याकाळी थंडीनं कुडकुडायला लागली तशी पदराखाली घेतली. जया, अंग ताज्या भाकरीसारखं ऊन. तीस वर्षं मी या गावातली बाळं न्हाऊमाखू घातली. आता सुना मोबाइलमध्ये बघून आपलं आपण करतात, पाच वर्षांत कुणाचं बोलावणं नाही. हात नुसते बसून होते. दुसऱ्या सकाळी खोबरेल कोमट केलं आणि तिला पायांवर आडवी घेतली. बाळासारखी पडून राहिली.

जेवण वेळेवर घेत जा. माया आहे ती तशीच ठेव.
तुझी सुमनताई

मनमाड, १९ डिसेंबर

ती. सुमनताईस जयरामचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो. माझं टक्कल तू आता कुत्रीच्या अंगाला नेऊन भिडवलंस. मी मजेत आहे. दुपारचा डबा येतो, संध्याकाळी स्टेशनावर जाऊन गाड्या वेळेवर येतात का ते बघतो. रिटायर झालो तरी खोड जात नाही. तू पाहुणीला घेऊनच ये. कुत्र्यांशी माझं जमत नाही, पण केस गळायचे नाहीत म्हटल्यावर तक्रार तरी कशाची करणार?

तुझ्या भावजयीची खोली झाडून ठेवली आहे. ती गेल्यापासून दोन वर्षांत तिथं कुणी झोपलेलं नाही. लोभ आहेच, कमी पडू देऊ नकोस.
तुझा जयराम

पिंपळगाव बसवंत, १४ जानेवारी

चि. जयरामास आशीर्वाद. वि. वि.

माझ्या हातून चूक झाली रे. मैनेच्या पाठीवर काळे ठिपके आले, मग पुरळ. मला वाटलं तेल कमी पडतंय. मी दोन्ही वेळा चोळलं, वर बेसनाचं उटणं लावलं, वावडिंग-ओव्याची धुरी दिली. पुरळ पिकलं. मग रिक्षा करून नाशिकला डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, आजी, हे तेलानंच झालंय, उघड्या कातडीची छिद्रं बुजली. आठवड्यातून एक आंघोळ, बोटभर मलम, उन्हात अंगभर कपडा, थंडीत स्वेटर. तेल बंद. तीस वर्षांत माझ्या हाताला असं कुणी म्हणालं नव्हतं.

वर द्राक्षं आणि कांदा दोन्ही तिला विष, असंही सांगितलं. पिंपळगावात राहून तिला द्यायचं तरी काय? बरं, दाढा जन्मतःच थोड्या, माझ्यासारख्याच. दोघी दुधात भाकरी कुस्करून खातो. माझ्याशिवाय कुणाकडे जात नाही. शेजारीण आली की माझ्या पाठीमागे दडते.

तुला म्हणून लिहिते. सृष्टी आली की म्हणणार आहे, तुला तिकडे वेळ नसतो, राहू दे हिला माझ्याकडे. ठेवेल का रे? आठ दिवस झाले, ते वाक्य मनात घोळवते आहे. जीव लावलास तसा लावत जा.
तुझी सुमनताई

मनमाड, ३ फेब्रुवारी

ती. सुमनताईस सा. न. वि. वि.

डॉक्टर पोरगा असेल, मनावर घेऊ नकोस. सृष्टीला स्पष्ट विचार, ती तुझं मन मोडणार नाही.

इकडचं काय लिहू? परवा दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हणायला गेलो तर आवाजच फुटेना. मग आठवलं, दोन दिवस कुणाशी बोललोच नव्हतो. थंडीनं घसा धरला असेल. तू काळजी करू नकोस, पत्र मात्र लिही.
तुझा जयराम

पिंपळगाव बसवंत, ६ एप्रिल

चि. जयरामास आशीर्वाद.

सृष्टी काल येऊन मैनेला घेऊन गेली. पाठ अगदी साफ झाली होती, एक ठिपका नव्हता. जुन्या पातळांचे चार अंगरखे शिवले होते, तेही दिले.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. फाटकाशी गाडी थांबली, मला ऐकूही आलं नाही आणि मैना माझ्या मांडीवरून उडी मारून पळाली. सृष्टीच्या गळ्यात पडून अशी रडली म्हणून सांगू, की मी काय विचारणार? गाडीत बसली ती पुढे बघत. माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

सृष्टीचा दोष नाही, मुकीचाही नाही. बाळंही तशीच. सव्वा महिना पायांवर घ्यायचं, आणि पुढं तीच पोरं मोटारसायकलवरून समोरून जातात, त्यांना मी कोण ते ठाऊक नसतं. ते मला कधी लागलं नाही. हे लागलं. सकाळी सवयीनं पाय पसरून बसले आणि तशीच बसून राहिले.

बाकी ठीक. तब्येत जप.
सुमनताई

मनमाड, ११ एप्रिल

ती. सुमनताईस जयरामचा शिरसाष्टांग नमस्कार.

आई गेली तेव्हा मी अकरा दिवसांचा होतो आणि तू दहा वर्षांची. शेजारच्या झुंबरबाईंना विचारून विचारून तू मला पायांवर घेतलंस, ते त्यांनीच मला सांगितलं. गावातली बाळं त्यानंतरची. पहिलं मी आहे, आणि मी तुला ओळखतो.

इतके दिवस मी म्हणत होतो, तू एकटी आहेस म्हणून ये. ते खोटं होतं. मला इथं एकट्याला राहवत नाही, ताई. घसा थंडीनं धरला नव्हता.

रविवारी सकाळच्या एसटीनं तुला न्यायला येतो. खोबरेलाची बाटली आणून ठेवली आहे. माझ्या डोक्यावर एक केस नाही, पण मला तेल चालतं.
तुझा जया