नायलॉनचा गंडा

नांदगाव खंडेश्वर,
४ डिसेंबर २०२४

सौ. जयवंतास, बाबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि अर्धवट ऐकून जीव जास्तच घाबरतो, म्हणून तू कागदावर लिहितेस ते बरं करतेस. बाकी वाचून बरं वाटलं, पण शेवटी लिहिलंस की जिनिंगमध्ये काम करता करता मनगटावरचा गंडा तुटला. त्या एका ओळीनं माझं जेवण गेलं. तो मी तुझ्या हाताच्या रक्षणासाठी बांधला होता. असा तुटणं चांगलं लक्षण नाही.

तुझी आई म्हणे, सूत कुजलं असंन, तुमी काहून येवढे भेता. तिला काय. किसनरावाची बोटं कुट्टीच्या मशीनमध्ये गेली तेव्हा कडबा द्यायला मी शेजारी उभा होतो. अजूनही तो भाकर मोडायला लागला की मी दुसरीकडे पाहतो. आणि तू तर दिवसभर फिरत्या रोलरसमोर कापूस टाकतेस.

म्हणून गंगूबाईकडून नवा गंडा मंतरून आणला. या वेळी सूत नाही, पोती शिवायचा नायलॉनचा दोरा, तोही दुहेरी. भरलेली बादली टांगून पाहिली, तुटला नाही. पाकिटात ठेवला आहे. जावईबापूंकडून गाठ मारून घे. तुला माझी आण आहे, आंघोळीलासुद्धा काढायचा नाही. काढलास तर माझं मेलेलं तोंड पाहशील.

लोभ आहेच. तू दोन्ही हातांनी धड राहा, मला आणखी काही नको.

तुझा बाबा,
नत्थुजी


अकोला,
११ डिसेंबर २०२४

ती. बाबांस, जयवंताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गंडा मिळाला, त्याच दिवशी बांधला. आता रागावू नका, मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं.

रोलरपाशी कापसाचा बोळा अडकला होता. मशीन थांबवली की बाकीच्या बाया खोळंबतात, बोलणी बसतात. म्हणून मी चालू मशीनमध्येच बोळा ओढायला गेले. रोलरनं गंडा धरला. हात आत चालला, बोटांना रोलर लागला आणि सूत तुटलं. कुजकं होतं म्हणून तुटलं, बाबा, आणि तुटलं म्हणून हात बाहेर आला. मनगटावर वळ अजून आहे. तुम्ही भ्याल म्हणून लिहिलं नाही.

दाराशी आमचे वाहेदभाई मिस्त्री उभे असतात. बांगड्या, अंगठी, ओढणी सगळं काढायला लावतात. साडीवर शर्ट, त्याच्या बाह्या घट्ट. रोलरपाशी हातमोजेही घालू देत नाहीत. म्हणतात, मोज्याचं टोक धरलं की मशीन हात सोडत नाही. पहिला गंडा मी बाहीत लपवला होता. हाही लपवला, पण सापडले. त्यांनी दोरा ओढून पाहिला आणि विचारलं, ताई, हा कोणत्या दुश्मनानं धाडला. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी. तेव्हा त्यांनी मला मशीनवरून उतरवून आवार झाडायला लावलं. सोमवारपर्यंत गंडा निघाला नाही तर माझ्या जागी दुसरी बाई घेणार आहेत.

कात्री हातात घेते आणि तुमचा चेहरा समोर येतो. गेल्या महिन्यातच तुमची छाती दुखली होती. आण मोडली आणि तुम्हाला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? घरी हे हसतात, म्हणतात बापलेकीनं एकमेकाले भेवाडून ठेवलं. काय करू ते लवकर लिहा.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका, भीती मात्र थोडी कमी करा.

तुमची,
जयवंता


नांदगाव खंडेश्वर,
१४ डिसेंबर २०२४

सौ. जयवंतास, आशीर्वाद.

पत्र उभ्यानं वाचलं आणि तिथंच खाली बसलो. त्या दोऱ्याला मी बादली टांगली होती. आता डोळे मिटले की बादलीच्या जागी तुझा हात दिसतो.

उरलेला दोरा घेऊन किसनरावाकडे गेलो. दोरा काठीला बांधून काठी जमिनीवर ठेवली, मोकळं टोक कुट्टीच्या चाकावर टाकलं आणि दूर झालो. त्यानं मशीन लावली. काठी कधी गेली ते दिसलंच नाही. मला ओरडायचं होतं, तेही राहून गेलं. किसनराव म्हणे, नत्थू, तुले आत्ता समजलं काय.

गंडा काप. आण मी घातली होती, मीच उतरवली. मला काही झालं तर वयानं झालं समज, तुझ्या कात्रीनं नाही. बांगड्या रोज दाराशी ठेव, कोणी नावं ठेवली तर बाबानं सांगितलं म्हण. वाहेदभाईंना माझा सलाम सांग. आणि पुन्हा बोळा अडकला तर मशीन थांबेपर्यंत हात पाठीमागे ठेव. बाया खोळंबोत, मालक बोलो. इथं पुन्हा आण घालणार होतो, पण पेन पुढे जाईना. आता मला आणेचीच भीती वाटते. नुसतं सांगतो, एवढं ऐक.

गंगूबाई म्हणे, पायात बांधायला देते. मी नको म्हटलं.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून शेजारच्या गजेंद्रच्या हाती हे पाठवतो. तो संध्याकाळच्या बसनं परत येईल. कापलेला गंडा त्याच्याजवळ दे आणि दोन ओळी लिही. जावईबापूंकडून लिहवून घेऊ नको, तुझ्याच हातानं लिही. तुझं अक्षर मी ओळखतो. मी स्टँडवर थांबतो.

लोभ ठेव.

तुझा बाबा,
नत्थुजी