माशा आणि निळं पिंप

मंगळवार, ५ ऑगस्ट
माशा! चहात माशा, मोगरीच्या डोळ्यांत माशा. बिचारी म्हैस शेपटी मारून दमली, दूधही आटत चाललंय. एकवीस तारखेला मृणाली बाळंतपणाला येतेय. आमच्या हिने आज सांगूनच टाकलं — "लेक घरात यायच्या आदी माशा जातील, न्हायतर म्हस जाईल. वीसला रामनाथ येतोय बघायला." रामनाथ म्हणजे अंबाडीचा म्हशींचा व्यापारी.
मोगरीला लहानपणी मृणालीनेच बाटलीने दूध पाजलं. तिला विकायचं हिच्या तोंडून निघालं तरी कसं?

बुधवार, ६ ऑगस्ट
शेण लांब नेऊन पातळ पसरलं. गोठ्यात चुना टाकला. कडुनिंबाचा धूर केला — माशा मजेत, मीच खोकतोय.

सोमवार, ११ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. अभिषेक झाला. निर्माल्य गोठ्यामागच्या पिंपात ठेवलं. त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिकडे कुणाला फिरकू देत नाही.
देवाजवळ म्हशीसाठी मागावं का? मागितलं.

बुधवार, १३ ऑगस्ट
गुरांच्या डॉक्टर निवेदिताबाई आल्या. मी बोलावलं नव्हतं!
"काका, माशा मारत बसू नका, अळ्या शोधा. ओलं, कुजकं, आठवडाभर न हललेलं काय आहे?"
म्हटलं, काही नाही.
त्या सरळ गोठ्यामागे. राहनाळच्या गोदामातून आणलेलं माझं निळं पिंप! गोणपाट उचललं — बेल, फुलं, पंचामृत, नैवेद्याची केळी, आणि त्यात पांढऱ्या अळ्यांची वळवळ. कडेच्या मातीत भाताच्या दाण्याएवढे तांबूस कोष.
"अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, काका. हे कधी रिकामं करता?"
"अमावास्येला. तानसा नदीत."
त्या हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं.
संध्याकाळी देवापुढे मान वर होईना.

गुरुवार, १४ ऑगस्ट
सगळं खोल पुरलं, वर हातभर माती दाबली. आता नैवेद्य घरातच संपवायचा, फुलं सुपात वाळवून तुळशीला घालायची. देव रागावला नसावा.

मंगळवार, १९ ऑगस्ट
मोगरी दुपारी डोळे मिटून रवंथ करत होती. शेपटी स्वस्थ! मी नुसता बघत बसलो.

बुधवार, २० ऑगस्ट
रामनाथ आलाच नाही. मीच फोन केला — म्हैस विकायची नाही म्हणून.
"म्हस? कसली म्हस, भाऊ? वयनीनं डॉक्टरीणबाईचा नंबर तेवढा घेतला माझ्याकडनं."
आत गेलो. ही देवाची फुलं सुपात पसरत होती. मी शेजारी बसून पाकळ्या सुट्या करू लागलो.