बागेश्रीतला पंचम

गुरुजी, तुमच्याकडे मी सहा वर्षं गाणं शिकले आणि त्यातली चार वर्षं एका मुलीचा मत्सर करण्यात घालवली. तुम्हाला ते कधी कळलं का, हे मला माहीत नाही. कळलं असतं तर तुम्ही बोलला असता. मनात ठेवायची तुम्हाला सवय नव्हती.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत तुमची पुढची खोली, तिथे संध्याकाळी आमचा वर्ग. मी गावातली, कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, वही नीट ठेवणारी. ती औशाकडच्या खेड्यातून एसटीनं यायची, शेतकऱ्याघरची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तुम्ही एकाच रागातल्या दोन जुन्या रचनाकारांच्या बंदिशी समोरासमोर ठेवायचा आणि विचारायचा, "सांगा, दोघांत धीट कोण?" मी नेहमी त्याचं नाव घ्यायचे ज्याच्या सुरांत कळ जास्त. तुम्ही मान हलवायचा. "पोरी, आच वेगळी आणि धीटपणा वेगळा. याच्या गाण्यात आच आहे, पण पाऊल बघ, जपून टाकतो. तो दुसरा हळू बोलतो, पण जिथं जायचं नाही तिथं जाऊन उभा राहतो." मग आम्हालाही बंदिशी रचायला लावल्यात. माझ्या चार-पाच ऐकून झाल्यावर म्हणालात, "तुझं सगळं दुरुस्त असतं." मी घरी येऊन आईला सांगितलं की गुरुजींनी कौतुक केलं. ते कौतुक नव्हतं, हे मला रस्त्यातच कळलं होतं.

मग भूकंप झाला. तिचं घर पडलं, आई गेली. दोन महिन्यांनी ती पुन्हा वर्गाला आली तेव्हा वडील आणि ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. त्या दिवशीचं मला सगळं दिसतं. तुम्ही तिला काही विचारत नाही, फक्त तंबोरा तिच्याकडे सरकवता. ती म्हणते, "गुरुजी, एक बंदिश झाली हाय. चुकली आसंल." आणि बागेश्री गाते. घर शोधत फिरणाऱ्या बाईचे चार साधे शब्द, आणि तालाची सम थेट पंचमावर. बागेश्रीत पंचम येतो तो पाहुण्यासारखा, आला न आला असा; हिनं त्यालाच मधोमध बसवलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही थांबवाल. तुम्ही तिच्याकडून ती तीनदा म्हणवून घेतली. "सम इथं का घेतलीस?" तुम्ही विचारलं. "मला न्हाई ठावं गुरुजी. दुसरीकडं नेली की ते खोटं वाटायलंय."  मग म्हणालात, "आपण ज्या दोघांची तुलना करतो ना, त्या दोघांनाही हे सुचलं नसतं."

गुरुजी, मी तेव्हा काय विचार करत होते ते आज लिहिते. समोर आई गमावलेली मुलगी बसली होती आणि मला वाटत होतं, माझ्याही आयुष्यात असं काही घडलं असतं तर मीही असं रचलं असतं. तिच्या दुःखाचाही मला हेवा वाटला. आणि ते खरं नव्हतं, हेही ठाऊक होतं. भूकंपानं तिला आच दिली असेल. तो पंचम तिचा स्वतःचा होता.

तुमची नजर तेव्हा अधू झाली होती. बंदिशींची पक्की वही मला लिहायला दिलीत. "तुझ्या अक्षरावर माझा भरवसा आहे," म्हणालात. तिच्या बंदिशीपाशी आले आणि समेवर 'प'च्या जागी मी 'म' लिहिला. मध्यम हा बागेश्रीचा हक्काचा सूर, कुणालाही खटकणार नाही असा. एका अक्षरानं तिची बंदिश माझ्यासारखी दुरुस्त झाली. तुम्ही वहीवरून हात फिरवलात, समाधानानं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुमच्या पुढच्या खोलीत आता फिजिक्सचा क्लास चालतो. दाराबाहेर बूट-चपलांची रांग दिसते.

मी लग्न होऊन नांदेडला आले, इथल्या कॉलेजात गाणं शिकवते, माझ्याकडेच राहिलेल्या त्याच वहीतून. मागच्या आठवड्यात ती आली. नायगावला शाळेत शिक्षिका आहे, मुलीला इथल्या कोचिंगला घालायचं होतं, माझा पत्ता कुणाकडून तरी मिळवला होता. माझ्या वर्गातल्या मुली नेमकी तिचीच बंदिश म्हणत होत्या. ती दारातच थांबली, पूर्ण ऐकलं. मुली गेल्यावर हसून म्हणाली, "ताई, माझी हाय न ही? सम मध्यमावर घेता वाटतं तुम्ही."

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "गुरुजींनीच बदलायला सांगितलं होतं नंतर."

 ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "हाव, मग बरोबरच आसंल. मला तवा कुठं राग कळत होता." चहा घेतला, मुलीच्या फॉर्मचं बोलली, गेली. इतकी वर्षं तुमच्या कौतुकाच्या त्या एका शब्दावर ती उभी असेल, तर तोही मी त्या दिवशी तुमच्या नावानं काढून घेतला.

ती गेल्यावर मी दार लावून पंचमावर सम घ्यायला गेले. सूर लागला, पण मी दचकून लगेच मध्यमावर उतरले. पुन्हा घेतली, पुन्हा तेच.

हे पत्र तुम्हाला पाठवता येणार नाही, म्हणूनच इतकं सरळ लिहिता आलं. जाताना तिनं नायगावचा पत्ता लिहून दिलाय. तो टेबलावर आहे, आणि मी पत्र तुम्हाला लिहिते आहे.