वर्तुळातली जागा

रानशेत, १२ नोव्हेंबर २०१७

निलम,

आईने आपल्या दोघींना कधी शाब्बास म्हटलं नाही, हे आपलं जुनं गाऱ्हाणं. तुझ्यापुरतं ते मिटलं. सीरियाच्या युद्धातून पळालेल्या पोरांच्या छावणीत तू नर्स झालीस, आणि आई गावभर तुझंच सांगते. तलासरीच्या मोर्चात माझ्या एका हाकेला हजारो माणसं उठतात, त्याचं तिला काहीच नाही.

पोरांच्या तंबूसाठी तू चित्र मागितलंस. आईने कापडावर वारली चित्रातला, गोल वर्तुळात फिरणारा तारपा नाच काढला. पोरं एकमेकांच्या कमरेला हात घालून, आणि सगळ्यांच्या पुढे तू.

“मी कुठे?” मी विचारलं.

“तू इथंच हायस. तुला कशाला काढू?”

म्हणून मी कापड पोस्टात टाकलंच नाही. महिनाभर भाताच्या कणगीमागे दडवलं आणि तुला सांगितलं, आईला वेळ नाही.

आज तांदळाच्या पिठाने मीच मला त्या वर्तुळात काढलं. चित्रातला माझा हात भाषणातल्यासारखा वर गेला. नाचात असं कुणी उभं राहत नाही.

कापड उद्या डहाणूहून पाठवते. हे पत्र पाठवायची हिंमत नाही. तरी पोरांनी विचारलं, हात वर केलेली ही कोण, तर सांग: माझी ताई.

तुझ्यावर जळणारी,
शितल