सुपारी फुटायच्या आधीचं इंग्रजी

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता आठवत न्हाई, खोकला तेवढा आठवतो. माझी नात, म्हणजे तुमची पणती, सध्या इंग्रजीच्या मागं लागलीय. मी भाकरी थापते अन् ती शेजारी बसून मोबाईलवरचा धडा घोकते. त्यांच्यात म्हणे क्रियेच्या मागं इवलासा शब्द लावला की सगळंच फिरतं. गिव्ह म्हणजे देणं, अन् गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. लुक म्हणजे बघणं, अन् लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. मी म्हणलं, "त्यात काय लई मोठं? आपल्यात 'तुला बघते' निराळं अन् 'तुला बघून घेते' निराळं." लई हसली. मग घरातलीच वाक्यं करायला लागली. पीठ संपलं, रन आउट. नळ बंद कर, टर्न ऑफ. अन् बाप तंबाखू सोडत न्हाई, तिथं गिव्ह अप. हे तर रोजचंच.

तिचं बी.एस्सी.चं एक वर्ष राहिलंय. मधेच माझ्या लेकानं तिला न विचारता दिंद्रुडचे पाहुणे बोलावले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचा चुलता म्हणला, "इंग्रजी येती म्हणं पोरीला? बोल की एखादं." पोरगी खाली मान घालून बोलली, "आय विल नॉट गिव्ह अप माय स्टडीज."

"वाऽ! फाडफाड बोलती की!" चुलत्यानं मांडीवर थाप मारली. लेकानं सोयरीक पक्की करायची सुपारी फोडायला अडकित्ता मागितला. ती काय बोलली, हे एकानंही विचारलं न्हाई. मुलगा तेवढा बशीत बघत बसला. मी अडकित्ता उचलून मांडीखाली घातला. म्हणलं, "पोरगी शिक्षण सोडणार न्हाई म्हणती. आधी ते ऐका, मग सुपारीचं बघा."

"माय, तुला काय कळतं इंग्रजीतलं? गप बस."

"तुझ्या तंबाखूवरच शिकलेय मी हे."

पाहुणे उठले. लेक अजून माझ्याशी धड बोलत न्हाई, ताट मात्र वेळेवर मागतो. नात म्हणती, "आजी, घाबरून तोंडाला आलं ते बोलले मी." मी विचारलं, "पण खरं का खोटं?" म्हणली, "खरं." मग झालं तर. ती आता रोज सकाळच्या एस.टी.नं कॉलेजला जाती.

दादा, चौथीनंतर तुम्ही माझी शाळा बंद केली अन् मला शेरडांमागं धाडलं. हा कागद कुठं धाडायचा न्हाई, म्हणून लिहिते. शाळा मला तवा आवडतच नव्हती. तुम्ही विचारलं असतंत तर मीच शेरडं घेऊन पळाले असते. पण विचारायचं तर होतंत.