चंदा कुणाच्या हातचं खाईल

१२ जुलै १९८४
आज पालीहून डॉ. माझ्या अंगणवाडीत आले. शेवंतीची चंदा दोन वर्षांची झाली, अजून बसूनच सरकते, वजनही फार कमी. डॉ.नी पिठाच्या पुड्या दिल्या. दूधपावडर, साखर, तेल, सगळं त्यातच. कोमट पाण्यात कालवून थोडं थोडं द्यायचं. नाहीतर रत्नागिरीला सिव्हिलमध्ये ठेवावं लागेल म्हणाले. शेवंती नाही म्हणाली. लावणी अर्धी राहिलीय, नवरा मुंबईला.

१४ जुलै
पीठ तोंडात गेलं की पोर जिभेनं बाहेर काढते. मी चाखलं. गोड आहे, पण मागून खवट वास येतो. शेवंती सिव्हिलच्या धास्तीनं नाक दाबून भरवत होती. थांबवलं तिला. तोवर चंदानं सगळं ओकून टाकलं.

१८ जुलै
डॉ.ना विचारून घेतलं. त्यांचं पीठ निम्मं, मोड आणून भाजलेल्या नाचणीचं निम्मं, वर गूळ. अंगणवाडीतच शिजवलं. चंदानं वास घेतला, माझ्या बोटावरचं चाटलं, आणि मग खाल्लं! अर्धी वाटी.
शेवंती बघत होती. हसेल वाटलं होतं. तशीच शेतावर गेली.

२० जुलै
दोघी आल्या नाहीत, म्हणून घरी गेले. शेवंती चुलीपुढे.
"बाई, माज्या हातचा घेत नाय ती. चमचा बघितला की तोंड फिरवते."
चिडून नाही, हळूच बोलली. एवढं कळलं की यापुढे मी भरवायचं नाही.

२१ जुलै
शेवंतीला म्हटलं, पोरीला भरवूच नको, तू जेव. सकाळपासून उपाशीच होती. एका ताटलीत तेच नाचणीचं पीठ शिजवून वाढलं, मी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसले. बऱ्याच वेळानं मागून चाटल्याचा आवाज. वळून पाहिलं तर चंदा आईच्या मांडीला टेकलेली, ताटलीत पाची बोटं. शेवंतीचा घास हातातच राहिलेला. खुणेनं सांगितलं, खात रहा. डोळे पुसत खात राहिली बिचारी.

३१ जुलै
वजन वाढलंय. फार नाही, पण वाढलंय. डॉ. म्हणाले, असंच चालू द्या. शेवंती आज तिला कडेवरून खाली ठेवेना.

६ ऑगस्ट
चंदाला परवापासून ताप, छाती घरघरते. आज पाणीसुद्धा घेईना. डॉ. म्हणाले, आता सिव्हिलच. शेवंतीनं या वेळी नाही म्हटलं नाही. लुगड्याची घडी पिशवीत घालत एवढंच विचारलं,
"तिथं मला तिच्याबरोबर एका ताटात जेवू देतील ना?"
देतील म्हटलं. खरं तर मला ठाऊक नाही. सकाळच्या एसटीनं त्यांच्याबरोबर मीही जातेय.